टेकाडाखालची वंशावळ

एक पुरुष आणि चार बायका. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यात, कॉट्सवोल्डच्या डोंगरपट्ट्यात हेझल्टन नावाचं खेडं आहे. तिथल्या एका शेतात दगडांचं लांबट टेकाड होतं आणि त्याच्या पोटात इ.स.पू. ३७०० ते ३६०० या शतकातली माणसं पुरलेली होती. २०२१च्या अखेरीस त्यांतल्या ३५ जणांच्या डीएनएचा अभ्यास ‘नेचर’मध्ये आला. ३५ पैकी २७ जण एकाच घराण्यातले निघाले. सलग पाच पिढ्या, आणि त्या घराण्याच्या मुळाशी एक पुरुष आणि त्याच्यापासून मुलं झालेल्या चार स्त्रिया.

मी ती वंशावळ पेन्सिलीने वहीत उतरवून घेतली. नावं अर्थातच नाहीत. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, मधे रेघा. काढता काढता एक गोष्ट डोळ्यांत भरली. कागदावर वरून खाली उतरणाऱ्या रेघा सगळ्या चौकोनांतून उतरत होत्या. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे. वर्तुळं होती ती बाहेरून आलेली. त्यांच्या मागे आईबाप नव्हते.

हे टेकाड आज जागेवर नाही. दरवर्षीच्या नांगरटीने ते झिजत चाललं होतं, म्हणून १९७९ ते १९८२ या काळात ॲलन सॅव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पूर्ण उकलून काढलं. शेतकऱ्यांनी उभारलेलं थडगं शेवटी शेतकऱ्याच्याच नांगराखाली आलं. पण ते उकलणाऱ्यांनी काम इतक्या निगुतीने केलं, कुठलं हाड कुठल्या कोपऱ्यात होतं हे इतकं नीट टिपून ठेवलं, की चाळीस वर्षांनी त्या हाडांतून नाती वाचता आली. त्या वेळी यातलं काही वाचता येईल अशी कुणाला कल्पनाही नसणार. तरी त्यांनी टिपलं. या माणसांविषयी मला फार आदर वाटतो.

टेकाड पन्नासेक मीटर लांब होतं. त्याच्या मध्यावर पाठीला पाठ लावून दोन दालनं होती. एकाची वाट उत्तरेकडून, दुसऱ्याची दक्षिणेकडून. आतून एकातून दुसऱ्यात जायला रस्ता नव्हता. पूर्वी या दोन दालनांचा अर्थ लावताना कुणी मान्यवर आणि सामान्य अशी विभागणी कल्पिली असती, कुणी दोन वेगळ्या वाड्यांची माणसं. डीएनएने निराळंच सांगितलं. चार बायकांपैकी दोघींचा वंश उत्तरेच्या दालनात होता, उरलेल्या दोघींचा दक्षिणेच्या. पुढे उत्तरेची वाट ढासळली तेव्हा उत्तरेकडच्या काहींना दक्षिणेत जागा दिली गेली, पण मूळ मांडणी ही अशी.

मराठी वाचकाला थोरली पाती, धाकटी पाती काही नवी नाही. आपल्याकडे पाती बहुधा भावाभावांत फुटते आणि भावांच्याच नावाने चालते. हेझल्टनला घराणं चाललं बापाच्या नावावर, पण मेल्यावर कुणी कुठल्या दाराने आत जायचं हे ठरलं आईवरून, आजीवरून, पणजीवरून. म्हणजे चौथ्या-पाचव्या पिढीतल्या पोरालाही आपण त्या चौघींपैकी कुणाचे हे ठाऊक होतं. कुणीतरी ते सांगत आलं होतं. अक्षर नाही, वही नाही, आणि शंभर-सव्वाशे वर्षं एका बाईची आठवण इतकी पक्की राहते की तिच्या पणतवाचं प्रेत उचलून आणणाऱ्यांना टेकाडाच्या कुठल्या बाजूला वळायचं हे विचारावं लागत नाही. श्राद्धात आपण तीन पिढ्यांची नावं घेतो. त्यापलीकडचं नाव विचारलं तर आमच्या घरात तरी आज कुणाला सांगता येणार नाही.

एके काळी सांगता आलं असतं. आमच्या सांगलीकडे सुगी झाली की हेळवी यायचे. गळ्यात घंटा बांधलेला बैल, खांद्याला पिशवी, पिशवीत वह्या. ओसरीवर घोंगडं अंथरून बसले की आमचं मूळ गाव कुठलं, कुलदैवत कुठलं, कोण पुरुष कुठल्या दुष्काळात उठून कुठे गेला, त्याला मुलगे किती, त्यातला कोण निपुत्रिक गेला, हे सगळं एका लयीत म्हणायला लागायचे. आजोबा टोपी सारखी करून, मांडी घालून ऐकायचे. वर्षभरात घरात मुलगा झाला असेल तर त्याचं नाव वहीत चढायचं आणि मग सुपाने जोंधळे घातले जायचे. माझ्या धाकट्या भावाचं नाव चढलं तेव्हा मी विचारलं, “आणि माजं?” हेळवी हसले. म्हणाले, “तुजं नाव तुज्या सासरच्या वहीत चढंल, बाय.” त्यात त्यांचा काही दोष नव्हता. रीत होती ती. घरातल्या कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही, त्या वेळी मलाही नाही.

हेझल्टनच्या दालनांत त्या घराण्याची वयात आलेली एकही लेक सापडलेली नाही. दोन मुली आहेत. दोघीही लहानपणीच गेलेल्या. बाकीच्या मोठ्या झाल्या, दुसऱ्या घरी गेल्या आणि तिकडेच कुठेतरी मातीत मिसळल्या. ज्या दोघींना बापाच्या टेकाडात जागा मिळाली, त्यांना ती मिळाली कारण सासरी जाण्याइतकं आयुष्य त्यांना मिळालं नाही. ही ओळ मी वाचली आणि बराच वेळ पुढे वाचवलं नाही.

पण हे टेकाड तेवढंच सांगून थांबत नाही, आणि म्हणून ते मला इतकं मोलाचं वाटतं. या घरात आलेल्या काही बायकांना दुसऱ्या पुरुषांपासून झालेले मुलगे होते. रक्ताने ते या घराण्याचे कुणी नव्हते. तरी ते याच दालनांत आहेत, घरच्या मुलांच्या शेजारी. आई इथली झाली तेव्हा तिची पोरंही इथली झाली. शिवाय आठ माणसं अशी आहेत की ज्यांचं रक्ताचं नातं घरच्या कुणाशीच लागत नाही. त्यांत तीन बायका आहेत. अभ्यासकांनी सुचवलं आहे की या कदाचित घरच्या सुनाच असतील, ज्यांना मूल झालं नाही, किंवा फक्त मुली झाल्या आणि त्या सासरी गेल्या. मूलबाळ नसलेल्या सुनेला घराण्याच्या थडग्यात जागा होती, असं यातून दिसत असेल तर ती मोठी गोष्ट आहे. अशा बायकांचं सांगलीतच काय, पुण्यातही काय व्हायचं ते मी पाहिलेलं आहे.

सावत्र मुलांना सामावून घेणं ही त्या काळची सार्वत्रिक रीत होती असंही नाही. फ्रान्समध्ये पॅरिसच्या आग्नेयेला गुर्गी नावाच्या गावी याहून हजारेक वर्षं जुनी, आरंभीच्या शेतकऱ्यांची दफनभूमी आहे. तिथे टेकाड नाही, साध्या खड्ड्यांत दफनं आहेत. २०२३ साली तिथली वंशावळ उलगडली, सात पिढ्या आणि ६४ माणसं. तिथेही लेकी गेलेल्या आणि सुना आलेल्या. पण सावत्र भावंडं जवळजवळ नाहीतच. आणि त्या घराण्याचा मूळपुरुष तिथे मेलेला नाही. त्याची हातापायांची लांब हाडं तेवढी दुसरीकडून आणून पुरलेली आहेत. नव्या जागी वस्ती करताना त्यांनी बियाणं, गुरं आणि आजोबा असं सगळं बरोबर घेतलं होतं.

शेती ब्रिटनमध्ये समुद्र ओलांडून आली, इ.स.पू. ४०००च्या सुमारास. ती आणणाऱ्यांचे दूरचे पूर्वज अनातोलिया आणि एजियन समुद्राच्या काठचे. पिढ्यान्‌पिढ्या युरोपभर सरकत ते इथवर पोहोचले होते. बरोबर गुरं, मेंढ्या, डुकरं, जव आणि खपली गहू. आमच्या कृष्णाकाठी अजून खपली पिकते आणि तिच्या रव्याच्या खिरीशिवाय जेवणावळ होत नाही, म्हणून तो दाणा त्या थंड, ओल्या बेटावर पेरला जात होता हे वाचून मला एकदम ती माणसं ओळखीची वाटली. हेझल्टनच्या टेकाडाखालची जमीन उकरली तेव्हा तिथे आधीचा उकिरडा निघाला. फुटकी खापरं, जनावरांची हाडं, चकमकीच्या दगडाच्या कपच्या, हेझलच्या फळांची जळकी टरफलं, दळणाच्या दगडांचे तुकडे. जिथे चूल पेटली होती आणि दळण दळलं गेलं होतं, तीच जागा पुढे त्यांनी मेलेल्यांसाठी निवडली. राहतीच्या जागेवरच.

शिकार करणाऱ्याला आजचं आज मिळतं. शेतकऱ्याचं तसं नाही. झाडं तोडून, मुळ्या खणून जमीन मोकळी करणारा एक असतो आणि तिचं खरं पीक खाणारा त्याचा मुलगा किंवा नातू. मग नातवाला कधीतरी सांगावं लागतं की ही जमीन माझी का. आमच्या मळ्यात बांधाला लागून एक दगडी चौथरा आहे, आजोबांच्याही आजोबांचा. जमिनीची वाटणी झाली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, आंब्याची झाडंसुद्धा मोजून वाटली. तो चौथरा आणि त्याच्याकडे जाणारी पायवाट तेवढी सामाईक राहिली. त्यावर कुणी भांडलं नाही. हेझल्टनच्या पाच पिढ्यांनी दगड रचून ठेवला तो याच भावनेतून, असं मी धरून चालले आहे. पुराव्याने ते सिद्ध करता येणार नाही, पण नांगराला हात लावलेल्या कुणालाही ते पटेल.

हेझल्टनला जाऊन आता काही पाहता येत नाही, म्हणून मी लेकीकडे ब्रिस्टलला असताना विल्टशरमधलं वेस्ट केनेटचं टेकाड पाहायला गेले. त्याच परंपरेतलं, पण फार मोठं. लांबी सुमारे शंभर मीटर, बांधणी इ.स.पू. ३६५०च्या आसपासची. रस्त्यावर गाडी लावून केनेट नदीचा ओढ्याएवढा प्रवाह ओलांडायचा आणि शेताच्या कडेने चढ चढायचा. दोन्ही बाजूंना गहू होता. उजवीकडे मागे सिल्बरीचं मानवनिर्मित टेकाड दिसत राहतं. ते याहून हजारावर वर्षांनी धाकटं, आणि त्याच्या पोटात कुणी पुरलेलं नाही. वर पोहोचलं की आधी अंगावर येतात ते पूर्वेच्या तोंडाशी उभे केलेले सार्सन दगड, माणसाहून कितीतरी उंच. त्यांना वळसा घालून आत शिरलं की बारा मीटरचा बोळ, दोन्ही हातांना दोन-दोन दालनं आणि टोकाला एक. मोठ्या दगडांच्या मधल्या फटी चपट्या चुनखडीच्या दगडांनी भरल्या आहेत. हा चुनखडीचा दगड तिथला नाही, तीसेक किलोमीटरवरून आणलेला आहे. बैलगाडी नव्हती, चाकच नव्हतं. एका उभ्या दगडावर मी हात फिरवला. खडबडीत पृष्ठभागात मधेच तळहाताएवढी जागा गुळगुळीत लागली. टेकाडात उभा राहण्याआधी तो दगड रानात पडलेला होता आणि लोक त्याच्यावर दगडी कुऱ्हाडी घासून पाजळत होते. हात तिथून निघेना. पाटा वापरून वापरून असाच होतो.

आतल्या दालनाच्या कपारीत कुणीतरी रानफुलांची जुडी आणि मेणबत्तीचा तुकडा ठेवला होता. तिथे लोक अजून असं काही ठेवून जातात. सतराव्या शतकात मात्र मार्लबरोचे एक वैद्य, डॉक्टर टूप, यांनी या परिसरातल्या जुन्या थडग्यांतली माणसांची हाडं औषध करायला उकरून नेली होती. जॉन थर्नम यांनी १८५९ साली टोकाचं दालन खणलं आणि १९५५-५६मध्ये स्टुअर्ट पिगट आणि रिचर्ड ॲटकिन्सन यांनी उरलेली चार उघडली. निदान ३६ माणसं. बायका, पुरुष, म्हातारे, तान्ही मुलं. सांगाडे बहुतेक विस्कटलेले. जुनी हाडं भिंतीकडे सरकवून नव्या देहाला जागा केलेली. कवट्या आणि लांब हाडं हवी त्याहून कमी. एका म्हाताऱ्याच्या गळ्याशी चकमकीच्या दगडाचं बाणाचं टोक सापडलं. शेतकरी झाले म्हणून ती माणसं शांत झाली नव्हती.

कितीतरी वर्षं अभ्यासक असं समजत होते की ही दालनं हजारेक वर्षं उघडी होती, पिढ्यांमागून पिढ्या इथे येत, हाडं हलवत, बाहेर काढत, पुन्हा आत ठेवत. पूर्वजपूजेचं एक भव्य चित्र तयार झालं होतं. २००७ साली ॲलेक्स बेलिस, अलास्डेअर व्हिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बन कालमापनाचे आकडे नव्या संख्याशास्त्रीय रीतीने तपासले आणि ते चित्र मोडलं. वेस्ट केनेटच्या मूळ दफनांचा काळ निघाला दहा ते तीस वर्षांचा. जेमतेम एक पिढी. मग शंभरेक वर्षं काहीच नाही, आणि त्यानंतर हळूहळू दालनांत खडूची माती, खापरं आणि हाडांचे तुकडे भरले गेले.

काहींना यात भव्यता कमी झाल्यासारखी वाटली असेल. मला मात्र त्या दिवशी आत उभं राहताना हीच गोष्ट सर्वांत जास्त भिडली. इथे कुणी अनोळखी पूर्वजांची हाडं हाताळत नव्हतं. जी कवटी बाजूला सरकवली ती कुणाची हे सरकवणाऱ्याला माहीत होतं. तिचा आवाज, तिची चालण्याची ढब आठवत होती. आपल्याच आईच्या हाडांशेजारी बायकोला ठेवायला वाकलेला माणूस मला तिथे दिसत होता. बोळ पुरेसा उंच आहे, पण दालनात शिरताना आजही वाकावं लागतं.

आपल्याकडच्या आरंभीच्या शेतकऱ्यांनी टेकाडं उभारली नाहीत. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी उत्खननं केली, हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली वस्ती. तिथे माणसं पुरली जात ती घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात. लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि त्यांच्या पोटात मूल. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोकं करून उताणं निजवायचं आणि घोट्याखाली त्याची पावलं तोडायची. त्याने कुठे जाऊ नये म्हणून, असं ढवळीकरांनी मानलं. वरून पुन्हा जमीन सारवायची आणि तिच्यावर आयुष्य चालू ठेवायचं. विदर्भात, नागपूरजवळच्या जुनापाणीला दगडांच्या गोल वर्तुळांतले दफनाचे उंचवटे शेकड्यांनी आहेत, पण ती लोखंड वापरणारी, बरीच नंतरची माणसं. इनामगावच्या बाईला मेलेलं मूल पायाखाली हवं होतं. कॉट्सवोल्डच्या शेतकऱ्याला आपली माणसं शिवारातून दिसतील अशा उंचीवर हवी होती. यातलं कुठलं दुःख जास्त सहन करण्याजोगं होतं हे मी ठरवू शकत नाही, पण दोघांनाही मेलेलं माणूस दूर जायला नको होतं, इतकं स्पष्ट दिसतं.

ज्या वंशासाठी हेझल्टनने इतका खटाटोप केला तो टिकला नाही. इ.स.पू. २४५०च्या सुमारास युरोपच्या मुख्य भूमीवरून बीकर घाटाची भांडी वापरणारे लोक ब्रिटनमध्ये आले आणि पुढच्या काही शतकांत तिथल्या लोकसंख्येच्या जनुकांचा सुमारे नऊ दशांश हिस्सा त्यांचा झाला. टेकाडं उभारणाऱ्यांचा वंश फार थोडा उरला. वेस्ट केनेटच्या भरावात वरच्या अंगाला त्याच बीकर घाटाची खापरं आहेत. म्हणजे ज्यांचा या मृतांशी संबंध नव्हता तेही इथे येऊन काही ठेवून गेले. मग दारात ते प्रचंड सार्सन उभे करून बोळ कायमचा बंद केला गेला.

कॉट्सवोल्ड आणि सेव्हर्न नदीच्या खोऱ्यात या घडणीची टेकाडं शंभराहून जास्त आहेत. एकोणिसाव्या शतकात हौशी लोकांनी त्यांतली कितीतरी फोडली आणि निघालेली हाडं संग्रहालयांच्या खोक्यांत जाऊन पडली. हेझल्टनच्या लेकी फार लांब गेल्या नसणार. पायी जाता येईल अशाच गावांत दिल्या असतील, गुरं हाकत माहेरी येता येईल इतक्याच अंतरावर. एखाद्या शेजारच्या टेकाडात, दुसऱ्याच कुणा घराण्याच्या दालनात, मागे आईबाप नसलेलं एखादं वर्तुळ असेल. आता त्याचे आईबाप शोधता येतात. हेझल्टनचा नमुना हाताशी आहे, दाताचा एक कण पुरतो. माझ्या वहीतल्या त्या पानाच्या उजव्या बाजूला मी थोडी जागा कोरी ठेवली आहे.